कोळ्याखालची रेघ

"काकू, हेमांगीनं काढलेल्या कोळ्याचं मूळ चित्र घरात आहे का हो?"

माझी पोर गेल्यावर तिच्या सरांचा हा पहिला फोन. त्यांच्या शोधनिबंधात तो आठ पायांचा कोळी मी आधीच पाहिला होता. चित्राखाली माप दाखवणारी रेघ असते. तिला चिकटूनच हेमांगी बारीक अक्षरात आपलं नाव लिहायची. सरांनी नाव कापलं, त्याबरोबर रेघही गेली. आता छापणारे विचारत होते, कोळी केवढा?

"रेघ हवी तर नावही छापा, सर."

"अहो, छापणारच! तिचंच तर काम आहे."

मी चित्र दिलं. त्या कोळ्याच्या पायावरचा एकेक केस काढताना ती श्वास रोखून धरायची.

दुरुस्ती छापून आली. कोळ्याखाली कॉम्प्युटरवर ओढलेली नवी रेघ होती आणि शेजारी शब्द होते : "चित्र लेखकाच्या संग्रहातून."

सरांचा तो संग्रह हेमांगीनंच मला एकदा दाखवला होता. बाटल्याच बाटल्या, आत मेलेले कोळी. आणि प्रत्येक बाटलीवर, तो कोळी कुणी पकडला त्याचं नाव.