मोळीपेक्षा हलकी

या मायबाप, जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही. आरतीचा कापूर जळून जायच्या आत संपेल. तेवढा वेळ मात्र कुणी उठू नका.

वडवणीच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर, मारुतीसमोर ट्रॅक्टर लागला होता. दिवाळी सरली होती, आणि विहिरीत टँकरनं ओतल्याशिवाय थेंब नव्हता. जवळच्या सहकारी कारखान्याची चिमणी उसाअभावी दोन सालं थंड. म्हणून औंदा ऊसतोडीला पार कर्नाटकात जायचं होतं, सहा महिन्यांसाठी. ट्रॉलीत गोधड्या चढल्या, पातेली चढली, कोंबड्यांचं खुराडं चढलं. शहादेवनं शेळी उचलून वर घेतली. मग त्याची बायको मंजुळा आली. तिच्या पाठीवर त्यांची लेक होती, सोजर. अकरा वर्षांची. पाय जन्मापासून लुळे.

मुकादम बंकट ट्रॉलीच्या तोंडाशी उभा होता. त्यानं हात आडवा धरला.

“वैनी, हे ठरलं नव्हतं.”

“कोपऱ्यात बसंल ती. कुणाला आडवी येत न्हाई.”

“गेल्या साली बी आसंच म्हणल्या तुमी. ऱ्हायची पाचटाची कोपी पेटली, तुमी उसाचा फड टाकून हिच्याकडं पळाल्या, अन् गाडी अर्धीच भरून गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. तुमी हिच्यापाशी बसल्या तर शहादेव एकटा काय तोडंल? कारखान्याला मी काय सांगू?”

शहादेव शेळीच्या दाव्याची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता. वर बघत नव्हता.

“मग शेळी कशी नेता, काका?” सोजरनं पाठीवरूनच विचारलं.

“शेळी आपल्या पायानं चरून येती, बाय.” बंकटच्या आवाजात राग नव्हता.

सोजरच्या हातात एक पुस्तक होतं. शाळेच्या पेटीतलं, गुरुजींनी दिलेलं. लई जुन्या काळच्या माणसांचं. तिनं ते आईच्या खांद्यावरून पुढं धरून उघडलं. चित्रात मातीचा खड्डा होता. खड्ड्यात एक लहानसा सांगाडा, गुडघे छातीशी घेतलेला.

“हे बघ, आई. हजारो वर्सांमागचं पोर हाय हे. ह्याचे पाय माझ्यावानीच, काडीसारखे. हाडावरून वळकलं त्यांनी, हे कधी चाललंच न्हाई. तरी बी पंधरा वर्सं जगलं.”

“बरं.”

“बरं काय? ते लोक घर बांधून ऱ्हात नव्हते. जिकडं शिकार, जिकडं पानी, तिकडं जायचे. दरसाल. मग हे कसं गेलं?”

ट्रॉलीतल्या बाया वाकून चित्र बघू लागल्या.

“उचलून नेलं त्याला. लिवलंय हितं.” सोजरनं बोट ठेवलं. “आई, तू दिवसाला उसाच्या किती मोळ्या वाहती? डोक्यावर घेऊन, फळीवरून गाडीत? मी मोळीपेक्षा हलकी हाय. करून बघ वजन.”

बंकटनं पुस्तक हातात घेतलं. चित्राकडं बराच वेळ पाहिलं. मग ते मिटून सोजरच्या हातात परत दिलं.

“मोळीचं कारखान्यात वजन व्हतं, बाय,” तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत राहिला. “तुझं कुठं करू?”

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

“सोजे,” मंजुळानं विचारलं, “ते पोर उचलणारीचं नाव काय लिवलंय?”

सोजरनं पान उलटलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. “न्हाई लिवलं.”

“तिची हाडं?”

“ती बी न्हाई गावली.”

मंजुळानं मान हलवली. लेकीला पाठीवर तशीच सावरून ती वळली आणि घराकडं चालू लागली.

उंबऱ्यात तिची सासू छबुबाई बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. मंजुळा वाकली, पण सोजरचे हात तिच्या गळ्यातून सुटेनात. म्हातारीनं चाचपडत एकेक बोट सोडवलं.

“जा तू. टँकर आला की आणीन मी पानी,” छबुबाई म्हणाली. विहीर कोणत्या अंगाला, हेही तिला हल्ली विचारावं लागायचं.

मंजुळानं भरलेला हंडा ओढून सोजरचा हात पोचेल एवढ्या अंतरावर ठेवला. सोजरनं दोन्ही हातांनी आपले पाय उचलले, गुडघे छातीशी घेतले आणि पुस्तक त्यांच्यावर ठेवलं. रडली नाही.

ट्रॉलीत बायांनी मंजुळाला जागा केली. “बस गं आता.”

ती बसली नाही. वस्ती मागं पडली, खडीचा रस्ता लागला, धक्के बसू लागले. बाकीच्यांनी कडेचे गज धरले. मंजुळाचे दोन्ही हात मागं, पाठीवर, एकात एक गुंतवलेले. कंबर वाकलेली. घाट लागेपर्यंत ती तशीच उभी होती.

कापूर जळाला, मायबाप. आता उठा. पण देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या खड्ड्यातल्या पोराला ज्या कुणी पाठीवर घेतलं, त्या बिननावाच्या माणसाला एकवार आठवा. अन् मंजुळाला. तिचं नाव तर तुम्हाला आता ठाऊक आहे.