वजा न केलेला श्वास

खोलीत दोन कप, एक उलटी पडलेली खुर्ची आणि एक मृतदेह होता. बाहेरचं कुलूप तोडून निरीक्षक घोरपडे आणि नवी तपासनीस मृण्मयी आत आले, त्याला दहा मिनिटं झाली होती.

कुणाचा श्वास हवेत कधी मिसळला, हे सांगणारं यंत्र मृण्मयीने सुरू केलं.

"माझा श्वास आधी वजा कर," घोरपडे म्हणाले. "पोलिसांचा वजा करायचाच असतो."

"सर, आज मास्क नाही लावलात?"

"नोकरी पक्की व्हायला सही माझी लागते, पोरी. उलटतपासणी नंतर घे."

एरवी मास्कशिवाय ते कुणालाही उंबरा ओलांडू देत नसत. तिने काहीच वजा न करता बटण दाबलं.

मृत: शेवटचा श्वास नऊ तासांपूर्वी.
घोरपडे: पहिला श्वास साडेनऊ तासांपूर्वी.