छकुलीचा बाप

लटारूनं कुऱ्हाड उगारली तेव्हा आदेश अंगणात पोरीची दुपटी वाळत घालत होता. मागून पावलं वाजली म्हणून तो वळला, आणि वळला म्हणूनच वाचला. मानेवर येणारा घाव खांद्यावर उतरला. हातातलं दुपटं लाल झालं.

"माह्या भावाले मारून त्याचीच बायको घरात ठेवून राह्यला?" लटारू ओरडला. "त्याचीच पोट्टी खेळवून राह्यला?"

आदेशनं त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं धुळीत आडवे झाले, पण लटारूच्या मुठीतली कुऱ्हाड सुटली नाही. शेजारची दारं उघडली. कुऱ्हाड पाहून कोणी पुढं आलं नाही.

आज ना उद्या लटारू येणार हे आदेशला ठाऊक होतं. गेल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत लटारूचा धाकटा भाऊ अजय शेतातल्या खोपटात मेलेला सापडला. मानेवर एकच घाव होता. पोलिसांनी आधी आदेशलाच उचललं. अजयच्या बायकोवर, चंचलवर त्याचा लग्नाआधीपासून जीव होता. कॉलेजला दोघं एकाच बसनं वडशाला जायचे. तिच्या बापानं तिला अजयला दिली, तेव्हा आदेश मुकाट्यानं लग्नात जेवून आला. पण खुनाच्या थोडे दिवस आधी भर बाजारात अजयनं पोटुशा चंचलला केसांना धरून फरफटत नेलं, तेव्हा मात्र आदेशनं त्याचे दात पाडले. सगळ्या वडशानं ते पाहिलं होतं.

चौकशीत त्यानं मार खाल्ला. पुरावा मिळाला नाही म्हणून सुटला.

चंचलला तिच्या सासूनं, केसरबाईनं, तेरवीआधीच घराबाहेर काढलं. "पुन्हा ह्या उंबरठ्यावर दिसू नोको," एवढंच म्हणाली. चंचल थेट आदेशच्या दारात आली. हातात एक पिशवी, गालावर निळा वळ. आदेशनं तो वळ पाहिला आणि मनाशी समजून घेतलं. अजय मारत असणार, आणि हाताला जे लागलं ते हिनं चालवलं असणार. आपण कधी विचारायचं नाही, असं त्यानं तिथंच ठरवलं. चंचलनंही त्याला काही विचारलं नाही.

पोरगी झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन विचारलं, "बाप कोण?"

"मी," आदेश म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग नर्सनं ते एवढंसं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि नवल वाटायलाही वेळ उरला नाही.

तो न्हाऊ घालायला शिकला. राइस मिलमधून आला की पोरगी त्याच्या अंगावरच्या भुशाला शिंकायची आणि चंचल हसायची. एकदा भात वाढता वाढता तिनं विचारलं, "लग्नाआंधी, तवाच बोलला असता त?"

"भेव वाटलं."

"अन् आता?"

"आता नाई वाटत."

त्यानंतर त्याचं अंथरूण ओसरीवरून आत आलं. छकुली रांगायला लागली होती.

आता ती आत किंचाळत होती. लटारू आदेशच्या छातीवर बसला होता, एक गुडघा फाटलेल्या खांद्यावर. चंचल चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावत आली आणि तिनं ते लटारूच्या पाठीवर हाणलं. सदरा पेटला, कातडं करपल्याचा वास सुटला. लटारूनं वळून तिला अशी ढकलली, की तिचं कपाळ दगडी पाट्यावर आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं.

लटारूनं पाठीवरची आग धुळीत घासून विझवली आणि पुन्हा छातीवर चढून कुऱ्हाडीचं पातं आदेशच्या गळ्यावर टेकवलं.

"बोल! तूनंच मारलं ना अजयले?"

आदेशनं चंचलकडे पाहिलं. आपण नाही म्हटलं, तर उद्या हेच पातं तिच्या गळ्याशी येईल.

"हो," तो म्हणाला. "मीच मारलं."

चंचल पाट्याला धरून उठली. "आज सांगून राह्यला?" तिचा आवाज फाटला. "मले त पयलेपासून मालूम होतं. त्या दिशी खोपटात त्यानं मारून मारून बेशुद्ध केली होती मले. डोळे उघडले त तो मरून पडला होता. मले वाटलं, तूच आला. तरी आली मी तुह्याजवळ."

आदेशला आत्ता उमगलं. म्हणजे तिनं मारलं नव्हतं. आणि त्यानंही मारलं नव्हतं.

तेवढ्यात केसरबाई फाटकात आली. लटारू कुऱ्हाड घेऊन निघाला हे कळल्यावर म्हातारी अनवाणी पळत आली होती. सुनेला घराबाहेर काढल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती. पोलिसांपुढंही तोंड उघडलं नव्हतं. पोराच्या दुःखानं बाई दगड झाली, असं गाव म्हणायचं.

लटारू उठला. त्यानं कुऱ्हाड आईच्या हातात दिली.

"माय, कबूल केलं यानं. घे. तुह्या हातानं तोड."

केसरबाईनं कुऱ्हाड घेतली. चंचल सरपटत येऊन आदेशवर आडवी पडली. घरात छकुली रडत होती. म्हातारी क्षणभर ते रडणं ऐकत उभी राहिली. मग ती पुढं आली, पायाशी पडलेल्या दोघांकडे तिनं पाठ केली आणि कुऱ्हाड लटारूसमोर उचलली.

"मांगं हो, लटारू," ती म्हणाली. "एका पोराले याच हातानं तोडलं. दुसऱ्याले तोडाले हात थरथरनार नाई."