प्रकाशाचा चोर

दूरच्या क्वेसारच्या, म्हणजे एका अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या, वर्णपटातली काळी रेघ लिंडेल्वानं सहा वर्षं जिवापाड जपली होती. वाटेतल्या कुठल्यातरी दीर्घिकेनं तेवढा प्रकाश गिळला होता, पण ती दीर्घिका काही सापडत नव्हती. नव्यानं रुजू झालेल्या डिनेओला ती पहिल्याच छायाचित्रात सापडली, आणि केपटाऊनच्या वेधशाळेत त्या आनंदात मिल्कटार्ट हा दुधाचा गोड केक कापला गेला. लिंडेल्वा आपला तुकडा बशीतच चिवडत राहिली. “ताई, रेघ तुझी, दीर्घिका माझी. अंतरही साधारण जुळतंय,” म्हणत डिनेओनं छायाचित्र तिच्या हातात दिलं. “पहिल्याच फटक्यात. नशीब काढलंस बाई,” लिंडेल्वा म्हणाली, आणि तिची नजर अडकली. क्वेसारच्या झगमगाटाला चिकटून एक पुसट डाग होता. डिनेओची दीर्घिका बरीच बाजूला होती; ऐन वाटेत बसलेला, प्रकाशाचा खरा चोर तोच. “क्वेसारला तुझ्या दीर्घिकेहून जवळ काही नाही ना?” तिनं विचारलं. “छे, नीट पाहिलंय.” “मग खुशाल शोधनिबंध छाप,” डागावर अंगठा ठेवत लिंडेल्वा म्हणाली, “आणि मला अजून एक तुकडा दे.”