मोठा आवाज

सिद्धरामचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं, त्यामुळं त्याची हाक चार शेतं ओलांडून जायची. नात तेजश्री जन्मापासून बहिरी. चौथ्या वर्षी ऑपरेशन होऊन तिच्या कानामागं यंत्र बसलं, तेव्हापासून दोन वर्षं तो रोज तिला मांडीवर घेऊन यंत्राजवळ तोंड नेऊन ओरडायचा, "माजी राणी जेवली का?"

"मामा, हळू बोला की," सून म्हणायची.

"हळू कामून? चार वर्सं लेकरानं कायबी ऐकलं न्हाई. आता पोटभर ऐकू दे."

आज सिद्धराम सुनेबरोबर नातीला घेऊन गुलबर्ग्याला आला होता. तिथं ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तेजश्रीपुढं चेहऱ्यांची चित्रं मांडली. रागावलेला चेहरा उचलून विचारलं, "घरात असं कोण करतं?"

तेजश्रीनं आजोबाकडं बोट केलं.

सिद्धराम हसला. "म्या? बाई, म्या हिच्याकडं कधी रागानं बघितलंबी न्हाई."

"तिला मोठा आवाज म्हणजे रागच वाटतो, आजोबा. आवाजातली माया तिला यंत्रातून अजून ओळखता येत नाही."

बाईंनी हसरा चेहरा पुढं केला. "आणि तुझे लाड कोण करतं?"

"अप्पा," तेजश्री लगेच म्हणाली. शब्द अगदी स्वच्छ आला.

सून खाली बघू लागली. बहिऱ्या पोरीशी काय बोलायचं, असं म्हणून तेजश्रीचा अप्पा, म्हणजे बाप अनिलकुमार, सहा वर्षांत तिच्याशी एक अक्षरही बोलला नव्हता.