चौथा कॅनव्हास

भडगावच्या चांद पेंटरने तीस वर्षं मेलेल्या माणसांचीच चित्रं रंगवली होती. घरचे लोक ओळखपत्रावरचा फोटो आणून देत. तो चेहरा समोरून, मधोमध घेई आणि मागे निळसर आभाळ भरी. या वेळी मात्र उषाअक्का स्वतः येऊन खुर्चीत बसल्या होत्या. एकदा तरी आपल्या हातून जिवंत माणूस जिवंत दिसावा, एवढीच चांदची इच्छा होती. पण तीन कॅनव्हास वाया गेले, तरी चित्रातल्या अक्का काही श्वास घेईनात.

चिडून त्याने चौथ्या वेळी त्यांना खिडकीकडे तोंड करून तिरकं बसवलं. निळा रंग बाजूला ठेवला. गालावर उन्हाची तांबूस तिरीप दिली, मान किंचित पुढे काढली. रस्त्यावरच्या कुणाला तरी अक्का आता हाक मारणार, असं वाटलं तेव्हा कुठे त्याने ब्रश खाली ठेवला.

अक्कांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"बठ्ठं झकास शे, चांदभाऊ," त्या म्हणाल्या. "तोंड तेवढं समोर करी दे. म्हणजे मंग हार घालाले हाऊच फोटो चाली."