हवेतली थोबाडीत

"कोणाला पटायचं नाही," क्लाइव्ह बिअरचा ग्लास टेबलावर आपटत म्हणाला, "पण रंगमंचावर काय नि पडद्यावर काय, उभा जन्म गेला माझा माणसं बडवण्यात. गळे आवळले, बरगड्यांत लाथा घातल्या. पण आजवर कुणाला माझं नखसुद्धा लागलेलं नाही!"

प्रयोगानंतर लीड्सच्या त्या पबात जमलेली सगळी मंडळी हसली. नाटकात त्याच्यासोबत काम करणारी टॅम्सिन तेवढी हसली नाही. नाट्यशाळेतून बाहेर पडून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि समोर बसलेल्या निर्मात्याच्या सिनेमात तिला काम मिळणार होतं ते क्लाइव्हच्याच शब्दावर. म्हणून तर सुजलेल्या गालावर तिने रंगाचा जाड थर चढवला होता.

"मग शेवटच्या प्रवेशातली ती थोबाडीत?" निर्मात्याने विचारलं. "आवाज पार मागच्या रांगेपर्यंत आला की!"

"अहो, हात गालाजवळून नुसता हवेत जातो. त्याच क्षणी मार खाणारा गुपचूप टाळी वाजवतो. नाट्यशाळेत सुरुवातीलाच शिकवतात हे. काय गं पोरी, सांग की यांना!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. टॅम्सिनने हिरडीतून आलेलं रक्त गिळलं.



"शिकवतात तसंच. पण त्या प्रवेशात माझे दोन्ही हात खुर्चीला बांधलेले असतात, क्लाइव्ह, आणि तुमच्या दुसऱ्या मुठीत माझे केस असतात. मग टाळी वाजवतं कोण?"